आधी दुखण्याचे नाव सांगा!

आपल्या समाजात आजारी पडण्याचेही काही अलिखित नियम आहेत. आजाराला नाव असावे. ते नाव शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पूर्वी कधीतरी ऐकलेले असावे. आजारी माणूस आजारी दिसावा. आणि ठराविक मुदतीत त्याने एक तर बरे व्हावे, नाहीतर देवाघरी जावे. या नियमांत बसणाऱ्या रुग्णाला आपण भरभरून माया देतो. कर्करोग म्हटले की सारे धर्मग्राम हळहळते. हृदयाची शस्त्रक्रिया म्हटली की रविवारच्या मिस्सानंतर आवाहन होते. डायलिसिस म्हटले की परदेशी गेलेली मुलेही पैसे पाठवतात. हे सारे चांगलेच आहे आणि त्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. माझा प्रश्न आहे तो या नियमांत न बसणाऱ्या रुग्णाचा. ज्याच्या दुखण्याला वर्षानुवर्षे नावच सापडत नाही, जो आज उठून बसतो आणि उद्या अंथरूण धरतो, ज्याचे सारे अहवाल ‘नॉर्मल’ येतात आणि तरीही ज्याला जिना चढवत नाही, त्याचे आपण काय करतो?

उत्तर कटू आहे. आपण त्याच्याकडे आधी नाव मागतो. नाव नसेल तर पुरावा मागतो. पुरावा नसेल तर सल्ला देतो, आणि सल्ला लागू पडला नाही की संशय घेतो. मदतीची अट म्हणून आजाराचे नाव मागणे हा अन्याय आहे, असे माझे स्वच्छ मत आहे. निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे. सोबत करणे हे आपले. डॉक्टरांचे काम अपुरे राहिले म्हणून आपण आपले काम टाकून द्यावे, याला कोणताही आधार नाही.

माझी एक मैत्रीण आहे. तिचे नाव आणि गाव येथे सांगण्याचे कारण नाही. तिच्यासारखी माणसे प्रत्येक गावात आहेत. ती वसई परिसरातील एका विनाअनुदानित शाळेत शिकवीत असे. सहा वर्षांपूर्वी सकाळी उठल्यावर तिच्या हातांच्या मुठी मिटेनाशा झाल्या. मग दुपारचा बारीक ताप सुरू झाला. मग पायांना मुंग्या, मग असा थकवा की केस विंचरायला वर केलेला हात मध्येच खाली यावा. मध्येच तीन-चार आठवडे सारे ठीक असे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होई. हाडांच्या डॉक्टरांनी हाडे पाहिली, नसांच्या डॉक्टरांनी नसा, स्त्रीरोगतज्ज्ञांनी आपला भाग. प्रत्येकाने आपापल्या हद्दीत काही नाही असे प्रामाणिकपणे सांगितले. रजा संपली, मग बिनपगारी रजा संपली, मग नोकरी संपली. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ठेव मोडली, बांगड्या गहाण पडल्या. एके दिवशी एक महागडा अहवाल ‘नॉर्मल’ आला तेव्हा घरातल्यांनी देवाचे आभार मानले आणि ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. त्या रडण्याचा अर्थ ज्याला कळतो त्याला या लेखाची गरज नाही. बाकीच्यांसाठी मी पुढे लिहिते.

पहिली गोष्ट ही की, निदान न होणे म्हणजे आजार नसणे नव्हे. रोग काही नावाची पाटी गळ्यात अडकवून शरीरात शिरत नाही. ल्युपससारखा विकार घ्या. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच अवयवांवर उलटते. आज सांधे, सहा महिन्यांनी त्वचा, पुढे मूत्रपिंडे अशी त्याची लक्षणे तुकड्यातुकड्यांनी येतात आणि सुरुवातीच्या रक्तचाचण्या कित्येकदा संदिग्ध असतात. या रोगाच्या दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात. एंडोमेट्रिओसिस या विकारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो. तरीही ‘बायकांचे एवढे तेवढे दुखायचेच’ या एका वाक्याखाली तो वर्षानुवर्षे दडून राहतो. एकेका अवयवाचा एकेक तज्ज्ञ झाल्यापासून तर सबंध माणसाकडे पाहणारा डोळाच दुर्मीळ झाला आहे. तुकडे अनेकांच्या हाती असतात. चित्र कोणाच्याच हाती नसते.

दुसरी गोष्ट ‘सारे मनाचे आहे’ या लाडक्या निर्णयाची. आपल्याकडे हा निर्णय द्यायला वैद्यकीय पदवी लागत नाही. ओट्यावर बसण्याची सवय पुरते. या निर्णयाचा इतिहास मात्र फारसा अभिमानास्पद नाही. जठरातील व्रणाचेच उदाहरण पाहा. काळजी, चिडचिड, तिखट खाणे आणि वाढलेले आम्ल ही त्याची कारणे म्हणून डॉक्टरदेखील दशकानुदशके सांगत आले. ‘डोक्याला ताप करून घेऊ नका’ असा उपदेश ऐकत रुग्ण कळवळत राहिले. १९८२ साली ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी जठरात राहणारा एक जिवाणू वेगळा काढला आणि व्रणाशी त्याचा संबंध दाखवला. लोक विश्वास ठेवीनात म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जिवाणू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांना ‘तुमचा स्वभावच काळजीखोर’ म्हणून घरी पाठवले, त्यांची क्षमा मात्र कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही.

आणि समजा, मनाचे असले तर? मनाला झालेला आजार हा आजार नव्हे काय? नैराश्य हा खराखुरा विकार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सहा वर्षे अंग दुखत असताना, पैसा आटत असताना आणि गाव संशयाने पाहत असताना ज्याचे मन खचणार नाही असा मनुष्य मला दाखवा! अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडेही जावे, खुशाल जावे. माझी मैत्रीणही गेली. परंतु ‘मनाचे आहे’ हे वाक्य आपण उपचार सुचवण्यासाठी उच्चारत नाही. आपण ते प्रकरण मिटवण्यासाठी उच्चारतो. त्या वाक्याने आपली जबाबदारी संपते, आणि नेमकी त्यासाठीच ते इतके लोकप्रिय आहे.

आता पैशाकडे येऊ, कारण सहानुभूतीची खरी परीक्षा तेथेच होते. आपल्या देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोक थेट स्वतःच्या खिशातून करतात, असे २०२१–२२ चे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. सरकारने काहीच केले नाही असे नाही. २०१८ साली आयुष्मान भारत योजना सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण मिळाले. महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढे महात्मा फुले यांच्या नावाने चालू राहिली आणि २०२३ मध्ये तिचीही मर्यादा ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. पण या योजना रुग्णालयात दाखल झालेल्या आणि ठरलेल्या यादीतील उपचार घेणाऱ्या रुग्णासाठी आहेत. बाह्यरुग्ण विभागाच्या दारात वर्षानुवर्षे ताटकळणाऱ्या, चाचणीमागून चाचणी करणाऱ्या माणसाचा खर्च त्यांत बसत नाही. खाजगी विम्याच्या करारात तर सरळ कलमच असते: मुख्यतः तपासणी आणि मूल्यमापनासाठी रुग्णालयात दाखल झाल्यास पैसे मिळणार नाहीत. दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये धोरण आणले. त्यातील मदत मिळवायची तर आजार कोणता हे आधी सिद्ध झाले पाहिजे. म्हणजे नाव असेल तर पैसे. आणि नाव शोधायला जे पैसे लागतात ते मात्र तुमचे तुम्ही पाहा! विहिरीत पडलेल्याला ‘आधी वर ये, मग दोर देतो’ असे सांगण्यापैकीच हा न्याय आहे.

शिवाय हा खर्च पावत्यांपुरता नसतो. मुंबईच्या डॉक्टरांनी दहाची वेळ दिली तर गर्दीच्या लोकलमध्ये उभे राहण्याची ताकद नसलेल्या बाईला वाहन करावे लागते. बरोबर येणाऱ्या नवऱ्याची त्या दिवशीची हजेरी बुडते. दुपारचे जेवण बाहेर होते. मुलीची शिकवणी बंद होते. याची बिले कोणी देत नाही. म्हणून ती कोणाला दिसतही नाहीत. संत मार्कने आपल्या शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची हकिगत सांगताना तिचा खर्चही नोंदवून ठेवला आहे: अनेक वैद्य झाले, जवळचे होते नव्हते ते सारे गेले आणि दुखणे वाढतच राहिले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखकाला जे महत्त्वाचे वाटले ते आपल्याला किरकोळ का वाटावे? आणि त्या प्रसंगी प्रभू येशू याईराच्या मरणोन्मुख मुलीकडे घाईने निघाला होता, हेही विसरू नये. तरीही तो थांबला आणि त्या बाईचे सगळे सांगून होईपर्यंत त्याने ऐकून घेतले. तिच्याकडे त्याने कागदपत्रे मागितली नाहीत.

आपण मात्र मागतो. आपली मदत साधारण अशी चालते: एकदा मोठी वर्गणी जमते. ती देताना सर्वांना बरे वाटते. त्यानंतर वर्षभर त्या कुटुंबाच्या ताटावर, कपड्यांवर आणि हसण्यावर गावाची नजर राहते. माझ्या मैत्रिणीने भाच्याच्या लग्नात नवी साडी नेसली आणि ती चारचौघींत हसली. ‘काल तर चांगली धडधाकट होती,’ हे वाक्य दुसऱ्या दिवशी तिच्या घरापर्यंत पोचले. त्या दोन तासांच्या हसण्याची किंमत म्हणून ती पुढचे तीन दिवस अंथरुणात होती. ते तीन दिवस पाहायला कोणी गेले नाही. मदत घेतलेल्या माणसाने सतत दीनवाणे दिसत राहावे, ही आपली अपेक्षा असते. याला मी दान म्हणत नाही. ही सावकारी आहे. व्याज पैशाऐवजी अब्रूत वसूल होते, एवढाच फरक.

सल्ल्यांविषयी काय बोलावे! कोणी काढा सांगतो, कोणी मांसाहार सोडायला सांगतो, कोणी मांत्रिकाचा पत्ता कुजबुजतो, कोणी ‘तुमची श्रद्धाच कमी पडते’ असे सुनावतो. हे शेवटचे मला सर्वांत क्रूर वाटते. ईयोबाचे तीन मित्र आठवा. ते दुरून आले, त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि सात दिवस व सात रात्री एक शब्दही बोलले नाहीत. तेथवर त्यांच्यासारखे मित्र नाहीत. पुढे त्यांनी तोंड उघडले, ईयोबाच्या दुःखाची कारणे त्याच्याच वागण्यात शोधली, आणि ग्रंथाच्या शेवटी परमेश्वराचा कोप ओढवून घेतला. इतका स्पष्ट धडा समोर असताना आपण त्या मित्रांचे पहिले सात दिवस टाकून देतो आणि आठव्या दिवसापासून त्यांचे अनुकरण सुरू करतो.

येथे काही वाचक रास्त शंका घेतील. अशी मदत किती दिवस करायची? ढोंगी माणसे नसतात काय? आणि या डॉक्टराकडून त्या डॉक्टराकडे धावत तीच ती चाचणी पुन्हा करून घेण्यात पैसा वाया जात नाही काय? शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यात तथ्य आहे. पैसा खरोखरच वाया जातो. पण तो का जातो? घाबरलेला, थकलेला माणूस एकटा असतो म्हणून. त्याला डॉक्टरांपुढे दहा मिनिटांत सहा वर्षे सांगता येत नाहीत. अर्धे विसरते, अर्धे रडण्यात जाते. त्याच्याबरोबर शांत डोक्याचे एक माणूस असेल तर हा खर्च निम्म्याने नाही तरी पुष्कळ आवरता येतो. ढोंगाविषयी म्हणाल, तर सुख सोडून, नोकरी सोडून, बांगड्या गहाण टाकून सहा वर्षे ढोंग करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. एखादा भेटलाच तर त्याला दिलेले हजार-दोन हजार रुपये बुडाले असे समजू. खऱ्या रुग्णावर घेतलेल्या संशयाची भरपाई मात्र कशानेच होत नाही. आणि किती दिवस, याचे उत्तर सरळ आहे: दुखणे जितके दिवस तितके दिवस. दुखणे हत्तीच्या पावलाने येते नि मुंगीच्या पावलाने जाते असे आपण म्हणतो. काही दुखण्यांत ती मुंगी जागची हलतच नाही. म्हणून तर एकाच्या शक्तीबाहेरचे हे काम अनेकांनी वाटून घ्यायचे.

ते कसे वाटता येते हे सांगते, कारण नुसती टीका करणे सोपे असते. आम्ही पाच मैत्रिणी आहोत. आमच्यात कोणी श्रीमंत नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला प्रत्येकीचे एक हजार रुपये तिच्या खात्यात जातात. तिला मागावे लागत नाही, आणि आम्ही हिशेब विचारत नाही. एकीने तिची फाईल सांभाळली आहे: सारे कागद तारखेवार, वर एका पानावर लक्षणे, औषधे आणि झालेल्या तपासण्या. एक जण डॉक्टरांकडे बरोबर जाते आणि प्रत्येक नव्या चाचणीपूर्वी एकच प्रश्न नम्रपणे विचारते: या चाचणीच्या निकालाने उपचारात काय बदलेल? या प्रश्नाने दोन महागड्या चाचण्या टळल्या आणि एक आवश्यक चाचणी लवकर झाली. दोघी आठवड्यातून दोनदा जेवणाचा डबा पोचवतात. पाचवी काहीच करत नाही. ती नुसती जाऊन बसते, कोंबड्यांच्या, मुलांच्या, गावच्या गोष्टी सांगते. मैत्रीण म्हणते की पाचवीचे काम सर्वांत मोठे, कारण त्या तासाभरात ती रुग्ण नसते.

आणखी एक गोष्ट आम्ही केली, ती सांगितलीच पाहिजे. घरच्यांचा विरोध पत्करून आम्ही तिला मुंबईच्या एका महापालिका रुग्णालयात नेले. ‘सरकारी’ म्हटले की आपल्या मध्यमवर्गीय नाकाला वास येतो. पण केईएम किंवा नायरसारख्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत सगळे विभाग एका आवारात असतात, शुल्क अल्प असते, आणि अवघड रुग्णाची चर्चा तेथे अनेक डॉक्टर एकत्र बसून करू शकतात. रांग असते, हे खरे. रांगेत उभे राहायला मैत्रिणी असतात. ज्यांना खाजगी रुग्णालयातच जाणे भाग आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे की, धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांना महाराष्ट्रात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवणे बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली ही योजना आहे. ती भीक नाही, हक्क आहे. पण अंथरुणावरून हक्कासाठी भांडता येत नाही. भांडायला पायांवर उभे असलेले कोणीतरी लागते.

माझ्या मैत्रिणीच्या दुखण्याला हा मजकूर लिहीपर्यंत नाव मिळालेले नाही. कदाचित पुढच्या वर्षी मिळेल, कदाचित कधीच नाही. म्हणूनच मी धर्मग्रामातील कुटुंबांपुढे, मंडळांपुढे आणि धर्मगुरूंपुढे एक मागणी ठेवते. आपल्या मदतनिधीच्या अर्जावर ‘आजाराचे नाव’ असा रकाना असेल तर तो कोरा ठेवण्याची मुभा द्या. एकरकमी मोठ्या मदतीबरोबरच दरमहा लहान, ठरलेली मदत सुरू करा. घरी जाऊन भेटणारी माणसे नेमा. संत विन्सेंट द पॉल सोसायटी १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली ती गरजूच्या घरी स्वतः जाण्याच्या व्रतातून. आपण ते व्रत पाकिटावर भागवू नये. आणि ज्या वसईच्या कॅथॉलिकांनी १९१८ साली स्वतःची सहकारी बँक उभी केली, त्यांना थेंबे थेंबे तळे कसे साचते हे मी काय शिकवावे?

बाकी राहिला तो आपला प्रश्न. पुढच्या वेळी कोणी सांगेल की मला बरे नाही आणि काय होते ते डॉक्टरांनाही कळत नाही, तेव्हा ओठांवर आलेले ‘पण झालंय तरी काय?’ हे शब्द गिळून टाका. त्याऐवजी विचारा: ‘डॉक्टरांकडे कधी जायचे आहे? मी बरोबर येते.’ रोगाचे निदान होत नसेल, तर निदान माणसाला एकटे तरी टाकू नका.